पानात टाकायचं नाही

"अहो, आज इतके गप्प का?" संध्याबाईंनी विचारलं, तेव्हा हर्नडन गाव मागे टाकून व्हॅन लीसबर्गच्या रस्त्याला लागली होती.

"मी रोजच गप्प असतो," जगन्नाथराव म्हणाले.

"रोजचं गप्प वेगळं. हे पोटात काहीतरी असल्याचं गप्प आहे."

जगन्नाथरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऑक्टोबरातली झाडं लालपिवळी होऊन उभी होती आणि पुढच्या सीटवरून बाळ त्या झाडांबद्दल, गाडी चालवणाऱ्या त्यांच्या मुलाला, प्रसादला, माहिती देत होता. बाळ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. त्र्याहत्तरी उलटली तरी घरात त्याचं नाव बाळच. दूरच्या ईडन प्रेरी गावाहून आठवडाभरासाठी आला होता. आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून लोकांना झोपवलं आणि आता निवृत्तीनंतर बोलून झोपवतो, असं संध्याबाई म्हणायच्या, त्याच्या तोंडावर.

मागच्या सीटवर सून अदिती आणि नात अनया. अनया आदल्या रात्री स्टेट कॉलेज या तिच्या विद्यापीठाच्या गावाहून बसने आली होती. व्हॅनच्या आरशात जगन्नाथरावांची आणि तिची नजरानजर झाली. तिने भुवया उंचावल्या. जगन्नाथरावांनी मान हलवली. म्हणजे काय, ते त्यांचं त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला होता. "आजोबा, मी पीएचडी सोडतेय. डिसायडेड." द्राक्षांच्या रोगांवर ती तीन वर्षं संशोधन करत होती. दोन उन्हाळे लीसबर्गजवळच्या एका द्राक्षमळ्यात नमुने गोळा करायला म्हणून गेली, आणि तिथेच तिचं मन राहिलं. लॅबमध्ये परतल्यावर तिला तो मळाच दिसायचा. मळ्याच्या मालकिणीने नोकरी देऊ केली होती. जानेवारीत छाटणी सुरू होते, तेव्हापासून. "फक्त बाबांना सांगायचंय. तुम्ही सांगा ना. तुमचं ते ऐकतात."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात 'तुमचं ऐकतात' असं जगन्नाथरावांना कुणी म्हटलं नव्हतं. काउंटीच्या पाणीपुरवठा खात्यात ते इतकी वर्षं इंजिनिअर होते, पण मीटिंगमध्ये त्यांनी तोंड उघडलं की लोक घड्याळ बघायचे. घरात संध्याबाई बोलायच्या आणि ते वाचायचे. त्या एका वाक्याने ते इतके सुखावले की हो म्हणून बसले. मग मात्र झोप उडाली. सकाळी दाढी करताना आरशासमोर त्यांनी भाषणाची सुरुवात तीन तऱ्हांनी करून पाहिली. तिन्ही वेळा आरशातला माणूस त्यांना पटला नाही.

आजची सहल अनयानेच ठरवली होती. आधी लीसबर्ग गाव बघायचं, मग तो मळा. प्रसादला वाटत होतं, बाळकाकांसाठी सहल आहे.

गावात गाडी लावून सगळे उतरले. विटांचे फुटपाथ, खालीवर झालेले. दोन-अडीचशे वर्षांची बुटकी घरं, एकमेकांना खेटून उभी. कोर्टाच्या लाल इमारतीवर पांढरा मनोरा. आणि जागोजागी माहितीच्या पाट्या.

पहिली पाटी दिसली आणि प्रसाद तिच्यापुढे उभा राहिला. हात पाठीमागे, मान किंचित वाकलेली. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत तो डायरेक्टर होता. एरवी चालतानाही फोनवर असायचा. इथे त्याचा फोन खिशात गेला.

"बाबा, हे बघा. अठराशे बारामध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं ना, तेव्हा देशाची महत्त्वाची कागदपत्रं गोण्यांत भरून या गावाकडे आणली होती. इमॅजिन करा, बैलगाड्या, हाच रस्ता..."

"वॉर ऑफ अठराशे बारा," बाळ म्हणाला. "पण जाळलं चौदा साली."

"करेक्ट, काका. ऑगस्ट अठराशे चौदा." प्रसाद खूश झाला. चूक काढल्यावर प्रसाद खूश झालेला जगन्नाथरावांनी फार वर्षांत पाहिला नव्हता.

अनयाने आजोबांचा कोपर दाबला. "आत्ता," ती पुटपुटली. "ही इज इन अ गुड मूड."

जगन्नाथरावांनी घसा साफ केला. "प्रसाद, मला जरा..."

"एक मिनिट हं बाबा. त्या कोपऱ्यावर अजून एक पाटी आहे." आणि पन्नाशीला आलेला त्यांचा मुलगा जवळजवळ धावतच रस्ता ओलांडून गेला.

त्याचा तो आनंद बघून जगन्नाथरावांचा धीर खचला. असल्या माणसाच्या अंगावर पाणी कसं ओतायचं? जेवल्यावर बोलू, त्यांनी स्वतःला सांगितलं. भरल्या पोटी माणूस मवाळ असतो.

तोवर संध्याबाई आणि अदिती एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरल्या होत्या. आतून संध्याबाईंची हाक आली. "अहो! इकडे या! आपला डबा विकायला ठेवलाय!"

काचेच्या कपाटात खरोखरच तीन पुडांचा पितळी डबा होता. कडीला चिठ्ठी. अदितीने वाचून दाखवलं की ही 'व्हिंटेज इंडियन लंच पेल' आहे.

"असाच मी लग्नात आणला होता," संध्याबाई म्हणाल्या. "म्हणजे आता मीपण व्हिंटेज."

"वहिनी, तुम्ही अँटिक," बाळ म्हणाला. "व्हिंटेजला तितकं वय लागत नाही."

"आज कुरकुरीत कारल्याची भाजी आणलीये. तुम्हाला मिळणार नाही."

"ही धमकी आहे की बक्षीस?"

सगळे हसले. प्रसाद सगळ्यांत मोठ्याने. "बाळकाका, तुम्हाला माहितेय ना आमच्याकडचा कायदा? लहानपणी ताटात कारलं राहिलं म्हणून मला दुपारभर पाटावरून उठू दिलं नव्हतं. खाली पोरं बेसबॉल खेळत होती. बाबा शेजारी पुस्तक वाचत बसले होते. ओरडले नाहीत, काही नाही. नुसते वाचत बसले."

"संपवलंस ना शेवटी?" बाळने विचारलं.

"संपवणार नाही तर काय? पानात टाकायचं नाही."

हे तो हसत हसत म्हणाला. जगन्नाथरावही हसले. त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच शिकवलं होतं आणि त्यांच्या वडिलांना आजोबांनी. सांगलीच्या त्या घरात ताट धुवायच्या आधीच स्वच्छ असायचं.

मळा गावापासून थोडा दूर होता. डोंगराच्या निळ्या रेघेपर्यंत द्राक्षांच्या रांगा गेलेल्या. फळ बहुतेक उतरवून झालं होतं आणि पानं पिवळी पडत होती. ओकच्या झाडाखाली लाकडी टेबलं मांडलेली. बाहेरचं खाणं आणलेलं चालत होतं. अनयाने मुद्दाम विचारून ठेवलं होतं. संध्याबाईंनी पोळ्या, बटाट्याची भाजी, कारल्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात असं सगळं टेबलावर मांडलं. शेजारच्या टेबलावरचं गोरं जोडपं चीज आणि बिस्किटं खात होतं. ते दोघं कौतुकाने बघायला लागले, तशी संध्याबाईंनी त्यांनाही चटणी दिली.

प्रसादने वाईन चाखायचं बुकिंग सहाजणांचं केलं होतं. म्हणजे प्रत्येकी पाच वाईन, थोडी थोडी. वाईन ओतणारी वेंडी नावाची बाई आली. हसरी, पांढऱ्या केसांची वेणी घातलेली. तिने सगळ्यांपुढे पेले ठेवले आणि मधोमध एक जस्ताची बादली. चव बघायची आणि नको असेल ते या बादलीत ओतून द्यायचं, तिने सांगितलं.

"ओतून द्यायचं?" जगन्नाथरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे फेकायचं?"

"दॅट्स हाऊ इट वर्क्स, आजोबा," अनया म्हणाली.

पहिली पांढरी वाईन आली. प्रसादला गाडी चालवायची होती. त्याने एक घोट घेतला आणि उरलेली बादलीकडे नेली.

"अरे, अरे!" जगन्नाथरावांनी त्याचा हात धरला. "दे इकडे."

संध्याबाई वाईन घेत नसत. "माझी पण घ्या," त्या म्हणाल्या आणि पेला त्यांच्याकडे सरकवला. अदितीला जास्तच गोड लागली. तिनेही सरकवला. जगन्नाथरावांनी आयुष्यात फक्त ऑफिसातल्या ख्रिसमस पार्टीला अर्धा पेला घेतला होता, तोही कुंडीकडे आशेने बघत संपवला होता. पण इथे बादली होती, आणि ती बादली त्यांना बघवत नव्हती. तिच्यात पडलेल्या प्रत्येक थेंबाला सांगलीहून कुणीतरी हाक मारतंय असं वाटत होतं.

दुसरी वाईन आली. तेच झालं. तिसरी लाल होती.

"दादा, हळू," बाळ म्हणाला. "भुलीचा डोस असाच चढतो. आधी पाय, मग जीभ."

"माझे पाय उत्तम आहेत," जगन्नाथराव म्हणाले. पाय खरंच उत्तम होते. फक्त ते स्वतःचे आहेत असं वाटत नव्हतं.

चौथी वाईन पिऊन झाल्यावर त्यांना एक विलक्षण गोष्ट जाणवली. त्यांना भीती वाटत नव्हती. समोर निळे डोंगर, ताटात गारेगार दहीभात, शेजारी बायको. बोलायला काय लागतं? जीभ लागते. ती तर सगळ्यांनाच असते. ते उभे राहिले.

"प्रसाद," ते म्हणाले. तिन्ही सुरुवाती त्यांच्या डोक्यातून एकदम पसार झाल्या. "अनया इथे राहणार आहे."

"कुठे? आज रात्री?"

"नाही. जानेवारीपासून. इथे. द्राक्षांत. ती पीएचडी सोडतेय."

आणि ते खाली बसले. भाषण संपलं होतं.

अनयाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. प्रसादने आधी वडिलांकडे पाहिलं, मग मुलीकडे. "व्हॉट?"

"बाबा, मी मास्टर्स घेऊन बाहेर पडतेय. म्हणजे काहीच नाही असं नाही. इथे असिस्टंट ग्रोअर म्हणून, वेली सांभाळायला..."

"तू मला सांगणार कधी होतीस?"

"आज. म्हणजे... आजोबा सांगणार होते."

"प्रसाद, शांतपणे घे," अदिती म्हणाली, आणि तिथेच तिचं बिंग फुटलं.

"तुला माहीत होतं?"

"ऑगस्टपासून."

"आई?"

संध्याबाईंनी पोळीचा तुकडा मोडला. "मला कुणी सांगितलं नाही. पण ही उन्हाळ्यात आली तेव्हा हिच्या नखांत माती होती आणि चेहऱ्यावर हसू. मी काय आंधळी आहे?"

"बाळकाका, तुम्हालापण?"

"मला काल रात्री कळलं," बाळ म्हणाला. "मी हिला म्हटलं, घरात एक खराखुरा डॉक्टर असू दे, मी रिटायर झालोय. पण आता तिसरी वाईन प्यायल्यावर माझं मत बदललंय. ही पोरगी बरोबर आहे."

कुणी हसलं नाही.

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं," प्रसाद म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं, असं जगन्नाथरावांना वाटलं. "मी काय राक्षस आहे का?"

"राक्षस नाहीस रे," अदिती म्हणाली. "पण तुझा चेहरा पडला ना, की घरात आठवडाभर कुणाला घास जात नाही."

"आय वॉज स्केअर्ड, बाबा," अनया म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला माहीत होतं तुम्ही काय म्हणणार. तीन वर्षं वाया."

"मग नाहीत का? अर्ध्यावर सोडायचं? आपल्या घरात?" प्रसाद थांबला. मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉम्प्युटर सोडून हिस्टरी घ्यायचं म्हणालो होतो. शाळेत शिकवायचं होतं मला. बाबा काय म्हणाले होते, आई, आठवतं?"

संध्याबाईंनी मोडलेला पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"म्हणाले, वाढून घेतलंस ना? मग संपव. मी संपवलं. आय ॲम नॉट कम्प्लेनिंग. चांगलं झालं माझं. घर झालं, सगळं झालं. पण संपवलं ना मी."

जगन्नाथरावांना ते वाक्य आठवत नव्हतं. पण ते आपलंच आहे, हे त्यांना ऐकताक्षणी कळलं. आपण कोणत्या तरी पुस्तकावरून मान वर करून ते म्हटलं असणार आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं असणार. मुलगा दारात किती वेळ उभा होता, कोण जाणे. सकाळी कोर्टासमोर पाटी वाचणारा प्रसाद त्यांच्या डोळ्यांपुढे आला. हात पाठीमागे, मान वाकलेली.

काहीतरी बोलायला हवं होतं. पण जीभ पुन्हा नेहमीची झाली होती, जड आणि भित्री.

अशा वेळी वेंडी शेवटची वाईन घेऊन आली. नॉर्टन, इथल्याच मातीतलं द्राक्ष, तिने सांगितलं आणि टेबलाभोवतीचे चेहरे बघून ती लगबगीने निघून गेली. पेल्यात शाईसारखी गडद वाईन होती. जगन्नाथरावांनी सवयीने पेला उचलला आणि मोठा घोट घेतला. कडू, तुरट, जिभेला चिकटणारी. पेला अजून अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. मग बादलीकडे.

"अहो?" संध्याबाई म्हणाल्या.

बादली जवळ ओढताना ती टेबलावर खरखरली. त्यांनी पेला तिरका केला. वाईन एकदम पडली नाही. त्यांनीच ती हळूहळू ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत. जस्तावर तिचा आवाज झाला. मग पेला उलटा करून त्यांनी टेबलावर ठेवला आणि क्षणभर वर पाहिलं, जणू वरून काहीतरी कोसळेल. ओकचं एक पान तेवढं पडलं.

"दादा?" बाळ म्हणाला. "तू टाकलंस?"

"नाही आवडली," जगन्नाथराव म्हणाले. "वाढून घेतली होती. चव बघितली. नाही आवडली."

"बाबा..."

"टाकली. काही झालं नाही, प्रसाद. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काहीच होत नाही रे. मला हे तुला तेव्हा सांगता आलं असतं. पण मला तेव्हा माहीत नव्हतं. मला हे आत्ता कळलं."

प्रसाद त्या उलट्या पेल्याकडे बघत राहिला. मग उठला आणि द्राक्षांच्या रांगांकडे चालायला लागला.

अनया अर्धवट उठून आजोबांकडे बघू लागली. "जा," ते म्हणाले. "जा, जा."

ती धावली. टेबलावर चौघं राहिले. इथून ऐकू काही येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. प्रसाद पाठमोरा उभा. अनया त्याच्यामागे, हातवारे करत. बराच वेळ तो हलला नाही.

"रागावलाय," अदिती हळूच म्हणाली.

"थांब जरा," संध्याबाई म्हणाल्या.

अनयाने एका वेलीचं पान उलटं करून दाखवलं. प्रसाद वळला. त्याने काहीतरी विचारलं. तिने सांगितलं. मग ती खोडाकडे बोट दाखवून बोलायला लागली आणि प्रसादचे हात आपोआप पाठीमागे गेले, मान किंचित वाकली. ते पुढच्या वेलीपाशी गेले. तिथेही त्याने वाकून पाहिलं, काहीतरी विचारलं. मग त्याच्या पुढच्या वेलीपाशी.

जगन्नाथरावांनी चष्मा काढून पुसला. संध्याबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "बादलीत ओतलं ते," त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांनी बघितलं असतं तर!"

"त्यांना ती कडू वाईन पाजली असती, तर त्यांनीही ओतली असती," बाळ म्हणाला.

"छे. त्यांनी पिऊन टाकली असती आणि मग वर्षभर आपल्याला बोलून दाखवली असती."

बापलेक परत आले तेव्हा अनयाचं नाक लाल होतं आणि ती हसत होती. प्रसादचा चेहरा अजून गंभीर होता, पण पडलेला नव्हता. तो बसला. त्याने पोळी पुढे ओढली.

"हेल्थ इन्शुरन्स देतात," तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "विचारलं मी."

"आणि?" अदितीने विचारलं.

"आणि काय? हिला इथली माती कळते असं दिसतंय. ते पलीकडचं दगडी कोठार सिव्हिल वॉरच्या आधीचं आहे, आणि दोन उन्हाळे इथे काढून हिला ते माहीतच नाही! वाचायला हवं हिने." त्याने मुलीकडे बघितलं. "मी येईन मधूनमधून. शनिवारी. सांगायला."

"प्लीज," अनया म्हणाली. "यू हॅव टु."

"पण यापुढे मला सगळ्यांत शेवटी सांगायचं नाही. पहिलं सांगायचं. चेहरा पडला तर पडू दे. मी उचलीन."

मग जेवणं पुन्हा सुरू झाली. बाळने नॉर्टनबद्दल माहिती द्यायला सुरुवात केली आणि शेजारचं जोडपं आणखी चटणी मागायला आलं. प्रसादच्या ताटात संध्याबाईंनी न विचारता कारल्याची भाजी वाढली होती. त्याने बाकी सगळं संपवलं. कारलं ताटाच्या कडेला तसंच राहिलं. त्याने बादलीकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"बाबा," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "मग हेपण टाकू?"

संध्याबाईंचा डाव हवेत थांबला.

जगन्नाथरावांनी विचार केला. मग हात लांब करून मुलाचं ताट स्वतःकडे ओढलं, आणि कारल्याची एकेक फोड आपल्या पानात घेतली, शेवटच्या फोडीपर्यंत.

"ऊठ," ते म्हणाले. "जा खेळायला."